‘आता मी भिक्षुणी होते’: जुन्या जपानी बायकांच्या निक्की

जुन्या जपानमधल्या बायकांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचायला घेतल्या की एक वाक्य सारखं भेटत राहतं: आता मी भिक्षुणी होते. नवरा दुसऱ्या बायकोकडे रात्र काढतो तेव्हा ते येतं. वडील जातात, मूल जातं, तेव्हा येतं. आजारपणात येतं, उतारवयात येतं, आणि कधी कधी भांडणाच्या भरात नुसतंच तोंडातून निघून जातं. बौद्ध देश, धार्मिक बायका, संसाराचा वीट, असं म्हणून पुढे जाता येतं. पण जरा थांबून वाचलं तर त्या एका वाक्याखाली दर वेळी वेगळंच काही चाललेलं दिसतं. कुठे ती नवऱ्याला दिलेली धमकी असते, कुठे परलोकाची तरतूद, कुठे जमिनीच्या दाव्याची पूर्वतयारी. आणि एका बाईच्या बाबतीत तर तो देशभर एकटीने हिंडण्याचा परवाना ठरला. तिच्याकडे सावकाश येऊ.

आधी या लिखाणाबद्दल थोडं. याला जपानीत ‘निक्की’ म्हणतात. आपण त्याला रोजनिशी म्हणतो खरं, पण रोजच्या रोज लिहिलेलं त्यात फार थोडं. बहुतेक निक्की वर्षांनंतर मागे वळून, आठवून आठवून लिहिलेल्या आहेत. तारखा कमी, ऋतू जास्त. मधून मधून ३१ अक्षरांच्या छोट्या कविता, कारण दरबारी समाजात प्रेम, भांडण, सांत्वन, टोमणा, सगळं कवितेतूनच पाठवलं जाई. त्या काळातले दरबारी पुरुषही रोजनिशा लिहीत, पण चिनी भाषेत: समारंभाला कोण कुठे बसलं, कुणाला बढती मिळाली, पाऊस पडला की नाही. मनातलं लिहायला काना ही जपानी उच्चारांची साधी लिपी होती, आणि ती बायकांची लिपी मानली जाई. म्हणूनच ९३५ च्या सुमारास की नो त्सुरायुकी या सरकारी अधिकाऱ्याला तोसा प्रांतात नोकरीवर असताना मेलेल्या मुलीचं दुःख लिहायचं होतं तेव्हा त्याने ‘तोसा निक्की’ चक्क बाईचं सोंग घेऊन लिहिली.

लिहिणाऱ्या बायकांची खरी नावं मात्र बहुतेक हरवलेली आहेत. ‘मिचित्सुनाची आई’, ‘ताकासुएची मुलगी’, एखादीच्या वडिलांचं पद, एखादीला दरबारात मिळालेलं रस्त्याचं नाव, एवढ्यावरच आपण त्यांना ओळखतो.

काळ दोन. पहिला हेइआन, ७९४ ते ११८५, जेव्हा क्योतोतला दरबार सर्वेसर्वा होता. दुसरा कामाकुरा, ११८५ ते १३३३, जेव्हा सत्ता पूर्वेकडच्या सामुराई सरकारकडे गेली आणि सम्राट नावापुरते उरले. जपानचं मध्ययुग साधारण या दुसऱ्या काळापासून मोजतात. भिक्षुणी होण्याचा अर्थ या दोन काळांत बराच बदलतो, आणि मला सगळ्यात रस वाटतो तो याच बदलात.

जपानमध्ये बौद्ध धर्म पोचला तेव्हा तिथे पहिली दीक्षा पुरुषांनी घेतली नव्हती. ५८४ मध्ये झेनशिन नावाची एक अगदी कोवळी मुलगी आणि तिच्या दोन सोबतिणी, अशा तिघी पहिल्यांदा भिक्षुणी झाल्या. पुढे त्या समुद्र ओलांडून आजच्या कोरियातल्या बेक्चे राज्यात विनय, म्हणजे मठातल्या आचाराचे नियम, शिकायला गेल्या आणि ५९० मध्ये परत आल्या. ७४१ मध्ये सम्राट शोमूने प्रत्येक प्रांतात एक भिक्षूंचा आणि एक भिक्षुणींचा मठ बांधायचा हुकूम काढला. भिक्षू २०, भिक्षुणी १०. म्हणजे सुरुवात बरी होती. पण नवव्या शतकात राज्याने मान्य केलेल्या दीक्षेतून बायका हळूहळू बाहेर पडल्या. क्योतोजवळचा हिएइ पर्वत म्हणजे धर्मविद्येचं सर्वोच्च पीठ. तिथे बायकांना पाऊल टाकायलाच बंदी. भिक्षुणीची संपूर्ण, शास्त्रोक्त दीक्षा मिळण्याची वाट जवळजवळ बंद झाली. ती पुन्हा उघडली १२४९ मध्ये, नाराच्या होक्केजी मठात, एइसोन या भिक्षूने बारा जणींना पूर्ण दीक्षा दिली तेव्हा.

मग मधल्या काळात राण्या आणि सरदारांच्या बायका ‘भिक्षुणी’ व्हायच्या म्हणजे काय करायच्या? घरीच एखाद्या ओळखीच्या भिक्षूला बोलवायचं, काही शीलं घ्यायची, करड्या रंगाचे कपडे घालायचे, आणि केस कापायचे. मुंडण नव्हे. कमरेखाली, कधी जमिनीपर्यंत लोळणारे केस खांद्याच्या रेषेत छाटायचे. अनेकजणी त्यानंतरही त्याच वाड्यात, त्याच दासींबरोबर राहायच्या. नवऱ्याशी शरीरसंबंध संपले आणि दिवसाचा बराच वेळ सूत्रपठणात गेला, हा मुख्य फरक. काहींच्या बाबतीत तेवढाही नाही. ९९६ मध्ये सम्राज्ञी तेइशीच्या भावांना हद्दपारीची शिक्षा झाली. त्या गदारोळात तिने केस कापले. पण सम्राटाने तिला परत बोलावलं, तिला पुढे आणखी मुलं झाली, आणि दरबारातले जुनेजाणते नाकं मुरडत राहिले.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इथे आपल्याकडचं विधवांचं केशवपन उभं राहणार. साम्य वरवरचं आहे. आपल्याकडे ती विधवेवर लादलेली शिक्षा होती आणि तिने ती मुकाट सोसायची होती. हेइआन जपानमध्ये केस कापणं ही बाईची इच्छा असे आणि घरची माणसं तिला अडवत असत. नवरा जिवंत असताना बायकोने दीक्षा घेणं म्हणजे त्याच्या हातून निसटणं. म्हणून तो परवानगी देत नसे.

याचं सगळ्यात टोकदार चित्र कादंबरीत आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबुने लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’त नायकाची सर्वात लाडकी बायको मुरासाकी नो उए हीच. आयुष्यभर त्याची इतर प्रकरणं सोसणारी. चाळिशीकडे झुकल्यावर ती त्याच्याकडे एकच गोष्ट मागते, दीक्षा घेऊ दे. तो नाही म्हणतो. ती आजारी पडते, पुन्हा मागते. तुझ्याशिवाय मी कसा जगू, म्हणून तो पुन्हा नाही म्हणतो. ती तशीच मरते, आणि मग गेंजी म्हणतो, आता तरी तिचे केस कापा. प्रेमळ माणूस म्हणून उभा केलेला हा नायक इतका स्वार्थी दुसरीकडे कुठेही दिसत नाही, असं माझं मत. त्याच कादंबरीच्या शेवटी उकिफुने नावाची तरुण मुलगी दोन पुरुषांच्या ओढाताणीत जीव द्यायला निघते, वाचते, आणि एका भिक्षूला गाठून दीक्षा मागते. पडद्याच्या फटीतून ती आपले केस बाहेर सरकवते आणि समोरच्या तरुण भिक्षूचा हात कात्री घेऊन थबकतो, इतके ते सुंदर असतात. पुढे तिचा शोध घेत निरोप येतो तेव्हा ती ओळखही देत नाही. कादंबरी तिथेच थांबते.

हे लिहिणारी मुरासाकी शिकिबु स्वतः मात्र भिक्षुणी होण्याबद्दल चांगलीच साशंक होती. सम्राज्ञी शोशीच्या सेवेत असताना १००८ ते १०१० या काळातली तिची निक्की आहे. त्यात ती लिहिते की आता सगळं सोडून अमिताभाचं, म्हणजे मरताना भक्ताला आपल्या स्वर्गात न्यायला येणाऱ्या बुद्धाचं, नाव घ्यावं असं वाटतं. पण जगाकडे पाठ फिरवल्यावरही अमिताभ ढगांवर बसून न्यायला येईपर्यंत मन डळमळणार नाही कशावरून? आणि ज्याची पापं खोल आहेत त्याची ही इच्छा पुरी होईलच असं थोडंच आहे? भक्तिभावाने ओथंबलेल्या शंभर पानांपेक्षा ही कुरकुर मला जास्त खरी वाटते.

पापं खोल आहेत, हे ती सहज लिहून जाते, आणि त्यामागे तेव्हाची धर्मसमजूत आहे. बौद्ध ग्रंथांत बाईसाठी ‘पाच अडथळे’ सांगितले होते: स्त्रीच्या देहाने ब्रह्मा, इंद्र, मार, चक्रवर्ती राजा आणि बुद्ध ही पाच पदं मिळत नाहीत. हे वचन ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्रात येतं त्याच प्रकरणात त्याला छेद देणारी गोष्टही आहे. सागर नागराजाची आठ वर्षांची मुलगी बुद्धाला एक रत्न अर्पण करते आणि सगळ्यांसमोर बुद्धपदाला पोचते. पण त्याआधी क्षणभरात ती पुरुष होते. जपानी बायकांना ही नागकन्या फार प्रिय होती. तिच्यात काहींना आशा दिसे. मधली ती पुरुष होण्याची पायरी बहुतेकजणी बोलून दाखवत नाहीत. भारतातल्या थेरीगाथेतल्या भिक्षुणी ज्या मोकळेपणाने मुक्तीबद्दल बोलतात, उखळ-मुसळातून सुटले आणि वाकड्या नवऱ्यातूनही सुटले म्हणतात, तो सूर या जपानी निक्कींत ऐकू येत नाही. इथे सूर शंकेचा आहे, आणि तो शेवटपर्यंत तसाच राहतो.

आता धमकीवाली बाई. ‘कागेरो निक्की’ची लेखिका, मिचित्सुनाची आई, ही फुजिवारा नो कानेइए या बड्या सरदाराची दुसरी बायको. ९५४ ते ९७४ अशा वीस वर्षांच्या संसाराचा तिने लिहिलेला हिशेब हा जपानी साहित्यातला बहुधा सर्वात रागावलेला मजकूर आहे. त्या काळी नवरा बायकोच्या घरी रात्री येई. आला नाही तर वाट पाहण्यापलीकडे तिच्या हातात काही नसे. एकदा ती आपल्या किशोरवयीन मुलाला म्हणते, मी भिक्षुणी झाले तर तू काय करशील? तो म्हणतो, मीही भिक्षू होईन. अरे, पण मग तुझ्या पाळलेल्या ससाण्याचं काय? तो मुलगा उठतो आणि जाऊन ससाणा सोडून देतो. पाहणाऱ्या दासी रडू लागतात.

९७१ मध्ये ती खरोखरच घर सोडून शहराबाहेरच्या नारुताकीच्या देवळात जाऊन बसली. आता ही केस कापणार, अशी बोंब राजधानीत झाली. कानेइए न्यायला आला, पण त्या रात्री धार्मिक बंधनामुळे त्याला गाडीतून उतरता येईना. मग बिचारा मुलगा डोंगरावरच्या आईचे आणि खालच्या बापाचे निरोप पोचवत रात्रभर खालीवर पळत राहिला. ती तेव्हा हटली नाही. काही दिवसांनी कानेइए पुन्हा आला, सामान आवरायला लावलं आणि तिला घेऊन गेला. केस शाबूत. नवऱ्यावर दबाव आणायचं तिच्याकडे एकच साधन होतं आणि तिने ते वापरून पाहिलं, असं मी हे प्रकरण वाचते. तिच्या श्रद्धेवर शंका घ्यायची गरज नाही. पण देवळात बसूनही तिचे कान खालच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीकडे लागलेले आहेत, आणि ते तिने लपवलेलं नाही.

अकराव्या शतकातली ताकासुएची मुलगी, ‘साराशिना निक्की’ची लेखिका, हिचं वेगळंच. लहानपणी गेंजीच्या गोष्टींचं वेड. स्वप्नात भिक्षू येऊन सद्धर्मपुंडरीक वाच म्हणतो तर ही कानाडोळा करते. म्हातारपणी पश्चात्ताप करते, पण पश्चात्तापाइतक्याच प्रेमाने त्या जुन्या वेडाचं वर्णन करते.

११८५ च्या आसपास चित्र बदलतं. ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या युद्धात ताइरा संपले. दान नो उराच्या समुद्रात सहा वर्षांचा बालसम्राट आंतोकु आजीच्या मिठीत बुडाला. त्याची आई केनरेइमोनइन पाण्यातून ओढून काढली गेली आणि भिक्षुणी होऊन क्योतोबाहेर ओहाराच्या जाक्कोइन मठात राहिली. युद्धाने इतक्या बायका विधवा केल्या की भिक्षुणी हे समाजातलं एक नेहमीचं दृश्य झालं.

आणि इथे कायदा येतो. सामुराई समाजात नवऱ्यामागे विधवा जहागिरीची मालकीण होऊ शकत असे. १२३२ मध्ये कामाकुरा सरकारने ५१ कलमांची जी संहिता काढली तिच्यात एक अट होती: नवऱ्याची जमीन मिळालेल्या विधवेने त्याच्या परलोकासाठी प्रार्थना करत राहावं, पुन्हा लग्न केलं तर जमीन मृत नवऱ्याच्या मुलांकडे जाईल. आता कापलेल्या केसांचा अर्थ बघा. दीक्षा घेतलेली विधवा पुन्हा लग्न करणार नाही हे सगळ्यांना दिसतं. म्हणजे जगाकडे पाठ फिरवल्याची ती खूणच तिचा जमिनीवरचा हक्क भक्कम करते. याच पद्धतीची सर्वात ताकदवान बाई होजो मासाको. ११९९ मध्ये नवरा, कामाकुरा सरकारचा पहिला प्रमुख म्हणजे शोगुन मिनामोतो नो योरितोमो, वारला. तिने दीक्षा घेतली आणि पुढची पंचवीसेक वर्षं राज्यकारभारात असं वजन ठेवलं की लोक तिला भिक्षुणी-शोगुन म्हणत.

साहित्यात या नव्या भिक्षुणीचं नाव आबुत्सु. ती दोनदा भिक्षुणी झाली असं म्हणायला हरकत नाही. पहिल्यांदा तरुणपणी, प्रेमभंगानंतर. ती गोष्ट तिने ‘उताताने’मध्ये लिहिली आहे: राजवाड्यात रात्री सगळे झोपलेले असताना गुपचूप स्वतःचे केस कापले, पावसात बाहेर पडली, वाट चुकली, खेडुतांनी तिला वाट दाखवली आणि कशीबशी पश्चिमेच्या डोंगरातल्या मठात पोचली. तो बेत टिकला नाही. पुढे ती फुजिवारा नो तामेइए या थोर कवीच्या घरी गेंजीची प्रत लिहायला म्हणून आली आणि त्याची बायको झाली. तामेइए म्हणजे कवी तेइकाचा मुलगा. जपानी कवितेतलं त्याहून मोठं घराणं तेव्हा नव्हतं.

१२७५ मध्ये तामेइए वारला आणि आबुत्सुने दुसऱ्यांदा, रीतसर, दीक्षा घेतली. आता तिच्यापुढे दावा होता. हारिमा प्रांतातली होसोकावा ही जहागीर तामेइएने आधी थोरल्या मुलाला, तामेउजीला दिली होती. मग विचार बदलून आबुत्सुच्या मुलाच्या, तामेसुकेच्या नावे केली. तामेउजी ती सोडेना. क्योतोच्या दरबारी कायद्यात दिलेलं परत घेता येत नसे. कामाकुराच्या सामुराई कायद्यात बापाला एका मुलाला दिलेली जमीन परत घेऊन दुसऱ्या मुलाला देता येत असे. म्हणून १२७९ मध्ये, सोळाव्या रात्रीच्या चंद्राच्या दिवशी, ही साठीकडे झुकलेली भिक्षुणी कोर्टात दाद मागायला शेकडो मैलांवरच्या कामाकुराला निघाली. त्या प्रवासाची ‘इझायोई निक्की’ प्रसिद्ध आहे. वाटेतल्या प्रत्येक कवितेतल्या प्रसिद्ध जागेवर ती एक कविता करते, आणि ते निव्वळ निसर्गप्रेम नव्हे: घराण्याची काव्यविद्या खरी कुणाच्या आईकडे आहे ते ती दाखवून देत होती. १२८३ मध्ये ती वारली तेव्हा निकाल लागला नव्हता. १३१३ मध्ये लागला, तामेसुकेच्या बाजूने. त्याच्यापासून चाललेलं रेइझेइ घराणं आजही क्योतोत आपल्या जुन्या वाड्यात, शेकडो वर्षांची हस्तलिखितं सांभाळत राहतं.

आबुत्सुचे चाहते रागावतील, पण माझ्या लेखी या सगळ्या बायकांमध्ये खरी मोठी लेखिका नीजो. जन्म १२५८. आई ती अगदी तान्ही असताना गेली, वाढली ती निवृत्त सम्राट गो-फुकाकुसाच्या वाड्यात. १२७१ मध्ये, जपानी मोजणीने चौदाव्या आणि आपल्या हिशेबाने बारा-तेराव्या वर्षी, वडिलांच्या संमतीने सम्राटाने तिला आपली केली. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्रींबद्दल आणि फाटलेल्या वस्त्रांबद्दल ती सरळ लिहिते. पुढच्या वर्षी वडील वारले. सम्राटापासून झालेला मुलगा लहानपणीच गेला. साइओनजी सानेकाने या सरदाराशी तिचं गुप्त प्रेम होतं. त्याच्यापासून झालेली मुलगी जन्मताच त्याने उचलून नेली आणि सम्राटाला मूल गेल्याचं कळवण्यात आलं. मग एक उच्चपदस्थ भिक्षू, बहुधा सम्राटाचाच सावत्र भाऊ, तिच्या मागे वेडा झाला. तो १२८१ च्या साथीत मेला. १२८३ मध्ये सम्राटाच्या पट्टराणीच्या सांगण्यावरून तिला वाड्यातून काढून टाकलं.

तिच्या ‘तोवाझुगातारी’चे पाच भाग आहेत. पहिले तीन दरबाराचे. चौथा उघडतो तो १२८९ मध्ये, आणि ती थेट रस्त्यावर, भिक्षुणीच्या वेषात, कामाकुराकडे चाललेली. केस कधी कापले, कोणी कापले, मनात काय होतं, हा प्रसंग आपल्या हाती असलेल्या पुस्तकात नाहीच. कादंबऱ्यांनी ज्या क्षणाभोवती पानं खर्ची घातली तो क्षण इथे गायब आहे. मात्र कारण तिने आधीच सांगून ठेवलंय. नऊ वर्षांची असताना तिने साइग्यो या भटक्या भिक्षू-कवीच्या प्रवासांची चित्रगुंडाळी पाहिली होती, आणि तेव्हापासून तिला त्याच्यासारखं हिंडायचं होतं, कविता करायच्या होत्या. बाईला साइग्यो होता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण भिक्षुणीला थोडंफार होता येत होतं.

आणि ती हिंडली. कामाकुराला जुना शोगुन उलट्या तोंडाच्या पालखीत घालून हाकलला जाताना पाहिला, आणि नवा, खुद्द गो-फुकाकुसाचा मुलगा, येताना पाहिला. तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या घरी दरबारी पद्धतीच्या पाच पदरी पोशाखाचे रंग कुठल्या क्रमाने लावायचे हे कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा करड्या कपड्यातल्या या भिक्षुणीला सल्ल्याला बोलावलं. ती गेली, चूक दाखवली, आणि मनातल्या मनात त्या गावंढळांना हसली. दरबार सुटला तरी दरबारी नजर सुटली नव्हती. मग शिनानोतलं झेनकोजी, आसाकुसाची कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, सुमिदा नदी, पुढे नारा, इसे. १३०२ मध्ये पश्चिमेला इत्सुकुशिमा. वाटेत तोमो बंदराजवळ एका लहानशा बेटावर तिला भिक्षुणी झालेल्या गणिकांची वस्ती दिसते. ती त्यांच्यापैकी एकीशी बसून बोलते.

रस्ता सुरक्षित होता असं समजू नका. बिंगो प्रांतात ती एका स्थानिक जमीनदाराकडे राहिली, त्याच्या घरी चित्रंही काढून दिली. त्याच्या भावाकडे राहायला गेली तर पहिल्याने दावा केला की ही माझी पळालेली जुनी नोकर आहे. म्हणजे गुलामच. सुटका झाली ती एका पाहुण्यामुळे: कामाकुराला असताना तो तिच्याबरोबर साखळी कवितेच्या बैठकीत बसलेला होता आणि त्याने तिला ओळखलं. करड्या कपड्यांनी तिथे काही केलं नाही, कवितेने वाचवलं.

गो-फुकाकुसा तिला पुन्हा भेटतो. १२९१ मध्ये इवाशिमिझुच्या देवळात योगायोगाने; अंगावरचे आतले कपडे काढून तो तिला देतो. नंतर फुशिमीला बोलावून रात्रभर चौकशी करतो: एकटी बाई इतकी वर्षं हिंडते आहेस, कोण पुरुष होता बरोबर? आणि ती देवांच्या शपथा घेऊन सांगते, कुणी नाही. हा प्रसंग मी जितक्यांदा वाचते तितका मला त्या माणसाचा राग येतो. तिचा राग मात्र दिसत नाही. १३०४ मध्ये तो वारला तेव्हा अंत्ययात्रेमागे ही जवळजवळ पन्नाशीतली भिक्षुणी अनवाणी धावली, कारण चपला शोधायला वेळ नव्हता. हळूहळू मागे पडली. पोचली तोवर चिता विझत आली होती.

त्या माणसाबद्दल तिला नेमकं काय वाटत होतं हे ती सांगत नाही. मला वाटतं तिलाही एक उत्तर नव्हतं, आणि म्हणूनच पुस्तक इतकं जिवंत आहे. तिने पाच महायान सूत्रं, एकूण १९० गुंडाळ्या, हाताने नकलून काढायचा संकल्प केला होता. कागद, देवळात अर्पण करायचा खर्च, यासाठी आईची सौंदर्यप्रसाधनांची पेटी आणि वडिलांची दौतपेटी, त्यांच्या शेवटच्या आठवणी, विकल्या. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही आसक्ती सोडण्याची पायरी. ती मात्र प्रत्येक वस्तूवरची नक्षी वर्णन करून, रडून, कविता करून मग ती विकते.

इथेच या सगळ्या निक्कींची अडचण आहे. बौद्ध विचारात नटवी भाषा, कल्पित कथा हे वाणीचं पाप. मुरासाकी शिकिबु गोष्टी रचल्यामुळे नरकात पडली अशी समजूत बाराव्या शतकात इतकी पसरली की तिच्या आणि तिच्या वाचकांच्या उद्धारासाठी विधी केले जात. त्याच सुमारास, १२०० च्या आसपास, ‘मुम्योझोशी’ हा कथावाङ्मयाच्या टीकेचा जपानमधला पहिला ग्रंथ लिहिला गेला, आणि त्यात तरुण बायकांची गेंजीवरची चर्चा कान देऊन ऐकणारी कोण, तर ८३ वर्षांची भिक्षुणी. शास्त्र काहीही म्हणो, भिक्षुणींनी वाचणं आणि लिहिणं सोडलं नाही. केस कापलेल्या बाईला लग्नाच्या बाजारातून सूट होती, रस्त्याने जायची मुभा होती, मेलेल्यांच्या नावाने बोलायचा अधिकार होता. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याच वयाच्या, कुठल्याच दर्जाच्या बाईला नव्हती. ती त्यांनी ज्या गोष्टी विसरायच्या होत्या त्या लिहिण्यासाठी वापरली.

नीजोचं पुस्तक मात्र शतकानुशतकं कुणी फारसं वाचलंच नाही. सम्राटाच्या शय्यागृहातलं इतकं उघड लिहिलेलं असताना ते दडलेलं राहिलं याचं नवल नाही. सतराव्या शतकातली एकच नक्कल टिकली, राजघराण्याच्या ग्रंथालयात, आणि तीही भूगोलाच्या पुस्तकांत घातलेली, कदाचित प्रवासवर्णन समजून. १९४० च्या आसपास यामागिशी तोकुहेइ या अभ्यासकाच्या ती नजरेला आली आणि १९५० मध्ये छापली गेली. त्या प्रतीत मधे मधे नक्कल करणाऱ्याची टीप आहे की इथून पुढचं मूळ प्रतीत सुरीने कापलेलं आहे.

वाचायचं असेल तर सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं आहेत. ‘गेंजी’पासून सुरुवात करा असं सगळे सांगतात, हजारभर पानं आणि शेकडो पात्रं झेपणार असतील तर जरूर करा. नाहीतर ‘इझायोई’ आधी घ्या, ती एका संध्याकाळी संपते. त्यानंतर नीजोचा चौथा भाग, आणि तो आवडला तरच मागे जाऊन पहिले तीन. त्या क्रमाने वाचलं की दरबारातली ती मुलगी आधीपासूनच दाराकडे बघत होती हे पानोपानी दिसतं.